रंग, ऊन आणि तळपायावरचा डाग

नरकचतुर्दशीच्या पहाटे धाकट्या मामांच्या पायांना तेल लावताना माझ्या मामेभावाला त्यांच्या डाव्या टाचेवर एक काळा ठिपका दिसला. तुरीच्या डाळीएवढा. मामा म्हणाले, "काटा मोडला असंल." सारा जन्म शेतात अनवाणी वावरलेल्या माणसाच्या टाचेत काटा मोडणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. तरी भावाने मला हाक मारली. मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असल्यामुळे अंगावरच्या पुरळापासून कुंडीतल्या किडीपर्यंत घरातल्या सगळ्या शंका माझ्याकडे येतात. "ताई, कॅन्सरबिन्सर नाही ना?" त्याने विचारले. मी हसून म्हटले, "आपल्या रंगाच्या माणसांना त्वचेचा कॅन्सर होत नाही रे. तो गोऱ्यांचा आजार."

पुढे त्या ठिपक्याला कुरूप समजून पट्टी लावली गेली. मग तिथे जखम झाली. ती भरेना, तेव्हा मधुमेहामुळे भरत नसेल असे सगळ्यांनी धरून चाललो. जांघेत अवधाण आले तेव्हा कुठे टाचेचा तुकडा तपासणीला गेला. अहवालात एकच शब्द महत्त्वाचा होता, मेलॅनोमा. पुढची दिवाळी मामांनी पाहिली, त्यानंतरची नाही.

माझे ते वाक्य घरात आजवर कोणी बोलून दाखवलेले नाही. पण ते मी उच्चारले होते, आणि ज्या विषयाची पदवी घेऊन उच्चारले होते त्या विषयाकडे मला पुन्हा विद्यार्थिनी होऊन जावे लागले. हा लेख त्या अभ्यासातून झाला आहे.

वाक्य निखालस खोटे होते असेही नाही. मेलॅनोमा हा त्वचेतल्या रंगपेशींचा कर्करोग. त्याचे जगातले सर्वाधिक प्रमाण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत आहे, आणि तेही मुख्यतः युरोपातून आलेल्यांच्या वंशजांमध्ये. भारतात वर्षाला लाख लोकांमागे एकालाही तो होत नाही. 'मेलॅनिन ही निसर्गाने दिलेली छत्री' हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले. माझी चूक दोन पातळ्यांवर होती. 'कमी होतो' आणि 'होत नाही' यांतले अंतर मी पुसून टाकले, ही पहिली. दुसरी जास्त खोल होती. मी रंग आणि धोका एकाच पट्टीवर मांडले होते, एका टोकाला गोरा रंग आणि धोका, दुसऱ्या टोकाला काळा रंग आणि अभय. गेल्या तीसेक वर्षांत जनुकशास्त्राने जे उलगडले आहे, ते या एका पट्टीवर मावत नाही.

सुरुवात रंगापासून करू. आपल्या त्वचेच्या सर्वांत वरच्या थराला बाह्यत्वचा म्हणतात. तिच्या तळाशी रंगपेशी, म्हणजे मेलॅनोसाइट, विखुरलेल्या असतात. या पेशी मूळच्या त्वचेच्या नव्हेत. गर्भाच्या पाठीकडच्या ज्या पट्ट्यातून चेतासंस्थेचे काही भाग घडतात, तिथून निघून त्या प्रवास करत त्वचेत येतात. त्यांच्यात मेलॅनोसोम नावाच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये मेलॅनिन तयार होते. एक रंगपेशी आपल्या लांब फांद्यांनी आजूबाजूच्या तीस-चाळीस पेशींना हे रंगकण पुरवते. पाऊस आला की शेतकरी जसे डोक्यावर इरले घेतो, तसे हे कण त्या पेशींत केंद्रकाच्या वर, उन्हाच्या बाजूला जमतात. झाकायचे असते ते केंद्रकातले डीएनए.

विद्यार्थ्यांना नेहमी चकित करणारी गोष्ट अशी, की नॉर्वेतला माणूस आणि सुदानमधला माणूस यांच्या त्वचेच्या एखाद्या ठरावीक जागेत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो रंगकणांचा आकार, त्यांची संख्या, त्यांची मांडणी आणि आतल्या रंगद्रव्याचा प्रकार यांत. कारागीर तेवढेच असतात, माल वेगळा असतो.

हा माल दोन प्रकारचा आहे. युमेलॅनिन तपकिरी-काळे असते आणि अतिनील किरण चांगले शोषून घेते. फिओमेलॅनिन पिवळट-तांबूस असते आणि त्या कामात फारच तोकडे पडते. कोणते बनवायचे हे ठरवण्यात सोळाव्या गुणसूत्रावरच्या 'एमसी१आर' या जनुकाचा मोठा वाटा आहे. या जनुकापासून बनणारे प्रथिन रंगपेशीच्या पृष्ठभागावर बसते आणि एका संप्रेरकाची वाट पाहते. उन्हाने त्वचेतल्या पेशींच्या डीएनएला इजा झाली की त्या पेशी हे संप्रेरक सोडतात. ते येऊन बसले की आत संदेश जातो, 'युमेलॅनिन बनवा', आणि काही दिवसांत त्वचा काळवंडते. उन्हात रापणे म्हणतात ते हेच. म्हणजे रापणे ही इजा झाल्यानंतरची डागडुजी आहे. ते तब्येतीचे लक्षण नव्हे.

हे प्रथिन बिघडलेले असेल तर संदेश नीट जात नाही आणि पेशी फिओमेलॅनिनच बनवत राहते. १९९५ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवले, की लाल केस, दुधासारखी त्वचा आणि उन्हात न रापता भाजून निघणे हे तिन्ही गुण या एकाच जनुकातल्या बदलांशी जोडलेले आहेत. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये असे बदल मुबलक आढळतात. प्रखर उन्हाच्या आफ्रिकेत मात्र हे जनुक जवळजवळ न बदलता टिकून राहिले आहे. तिथे बिघाड परवडण्यासारखा नव्हता.

आता प्रश्न आपला. आपल्याकडे एकाच घरात एक भाऊ गोरा, दुसरा सावळा असतो. हा गोरेपणा लाल केसवाल्या स्कॉटिश माणसाच्या गोरेपणासारखाच आहे का? याचे उत्तर एका माशामुळे मिळाले. झेब्राफिश या लहानशा पट्टेरी माशाची 'गोल्डन' नावाची एक फिकट जात प्रयोगशाळांत पाळली जाते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात कीथ चेंग यांच्या गटाने तिच्या फिकेपणाचे कारण शोधले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात दोषी ठरले ते 'एसएलसी२४ए५' हे जनुक. रंगकणांच्या घडणीसाठी लागणारी आयनांची देवाणघेवाण त्याचे प्रथिन करते. माणसाच्या याच जनुकाचा संदेश त्या फिकट माशाच्या भ्रूणात घातला, तर त्याचे पट्टे परत गडद झाले. माणसांत पाहिले तेव्हा दिसले, की या प्रथिनातले १११ व्या जागेवरचे एक अमिनो आम्ल बहुतेक आफ्रिकी आणि पूर्व आशियाई लोकांत ॲलानिन आहे, आणि युरोपात जवळजवळ प्रत्येकात थ्रिओनिन. एवढ्याशा फरकाने त्वचा ठळकपणे उजळते.

थ्रिओनिनचे हे रूप भारतातही भरपूर आढळते. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या आणि परदेशांतल्या संशोधकांनी २०१३ साली मिळून दाखवले, की भारतीयांतले हे रूप आणि युरोपीयांतले रूप एकाच पूर्वजाकडून आलेले आहे. भारतातल्या वेगवेगळ्या समाजांत त्याचे प्रमाण बरेच कमीजास्त आहे. आईवडील दोघांकडे दोन्ही रूपे असली, की एका मुलाला फिकटाच्या दोन प्रती, दुसऱ्याला एकही नाही, असे सहज होऊ शकते. रंगावर परिणाम करणारी इतर जनुकेही आहेतच आणि त्यांची वाटणी दर अपत्यात नव्याने होते. डोळ्यांच्या रंगात तर मुख्य वाटा आणखी वेगळ्या जागेचा असतो. म्हणूनच सावळ्या चेहऱ्यात घारे डोळे दिसतात तेव्हा त्यात चमत्कार काही नसतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे. भारतातला गोरेपणा प्रामुख्याने एमसी१आरच्या बिघाडातून आलेला नाही. लाल केसांशी जोडलेली त्या जनुकाची रूपे आपल्याकडे विरळा आहेत. त्यामुळे आपल्यातला गोराही उन्हात रापतो, आणि त्याच्या पेशी युमेलॅनिन बनवू शकतात. आरशात सारख्या दिसणाऱ्या दोन गोऱ्या रंगांमागे दोन निराळ्या गोष्टी असू शकतात आणि त्यांचा धोकाही निराळा असतो.

मुळात माणसाला इतके रंग का पडले? नीना जॅब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी २००० साली मांडलेले उत्तर आज बरेचसे मान्य आहे. विषुववृत्ताजवळचे तीव्र अतिनील किरण शरीरातल्या फोलेटचा नाश करतात. गर्भाच्या वाढीला फोलेट अत्यावश्यक असते, म्हणून तिथे गडद त्वचा टिकली. ध्रुवांकडे सरकले की ऊन मंद होते, ड जीवनसत्त्व बनवायला फिकट त्वचा सोयीची पडते. या हिशेबात कर्करोगाचे वजन कमी, कारण तो बहुधा मुलेबाळे झाल्यानंतरच्या वयात गाठतो. हा हिशेब हजारो वर्षांत जुळत आला होता. ब्रिटिशांच्या जहाजांनी तो दोनेकशे वर्षांत मोडला. स्कॉटलंडच्या ढगाळ हवेत घडलेली त्वचा क्वीन्सलंडच्या उन्हात जाऊन राहिली. ऑस्ट्रेलियातली मेलॅनोमाची साथ ही अशी स्थलांतराची किंमत आहे. १९८१ पासून तिथे 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' ही मोहीम चालली. सदरा चढवा, क्रीम चोपडा, टोपी घाला, एवढाच तिचा अर्थ, आणि तो शाळकरी मुलांनाही पाठ असतो.

ऊन नेमके काय करते हेही आता अक्षरागणिक वाचता येते. अतिनील किरण डीएनएमधल्या शेजारच्या दोन अक्षरांना एकमेकांना चिकटवतात, आणि दुरुस्तीत चूक झाली की 'सी'च्या जागी 'टी' येऊन बसतो. उन्हाने झालेल्या मेलॅनोमात असे हजारो बदल सापडतात. ही उन्हाची सहीच म्हणायची. २०१६ सालच्या एका अभ्यासात दिसले, की एमसी१आरचे लाल केसांशी जोडलेले रूप वाहणाऱ्यांच्या गाठींत असे बदल सुमारे ४२ टक्क्यांनी जास्त असतात. हे म्हणजे एकवीस वर्षे जास्त ऊन खाल्ल्यासारखे. आणि त्यासाठी त्या रूपाची एकच प्रत पुरते. केस लाल नसले तरी हा धोका अंगात असू शकतो.

इथवर छत्रीची कल्पना शाबूत आहे. तिला पहिला तडा गेला तो उंदरांमुळे. हार्वर्डमधले डेव्हिड फिशर यांच्या गटाने २०१२ साली काळे, तांबूस आणि पांढरे असे उंदीर घेतले. मेलॅनोमात वारंवार आढळणारा 'बीआरएएफ' या जनुकातला बदल त्या सर्वांच्या रंगपेशींत घडवून आणला आणि त्यांना अतिनील किरणांपासून दूर ठेवले. तरीही तांबूस उंदरांपैकी निम्म्याहून अधिकांना मेलॅनोमा झाला. काळ्यांना क्वचितच झाला. मग संशोधकांनी तांबूस उंदरांतच आणखी एक बदल करून त्यांचे रंगद्रव्य बनणेच बंद पाडले. हे उंदीर पांढरेशुभ्र होते, म्हणजे छत्री मुळीच नव्हती, आणि तरी ते बऱ्याच अंशी वाचले. याचा अर्थ, तांबूस रंगद्रव्य केवळ दुबळे नाही. ते बनवण्याची प्रक्रियाच पेशीला आतून इजा करते.

माणसांतही याला जुळणारी एक गोष्ट आहे. जन्मजात वर्णहीनता, म्हणजे अल्बिनिझम असलेल्यांच्या त्वचेत रंगद्रव्य नसते किंवा अगदी कमी असते. टांझानियासारख्या देशांत हे लोक उन्हामुळे तरुण वयातच त्वचेच्या कर्करोगाने दगावतात. पण तो कर्करोग बहुतांशी त्वचेच्या साध्या, बिनरंगाच्या पेशींचा असतो. त्यांच्यात मेलॅनोमा दुर्मिळ आहे. रंग आणि मेलॅनोमा यांची सरळ पट्टी खरी असती, तर तो सर्वांत जास्त त्यांनाच व्हायला हवा होता.

आणि आता मामांची टाच. आपण आपला तळहात उलटसुलट करून पाहिला तर एक गोष्ट लक्षात येईल. माणूस कितीही काळासावळा असो, तळवे फिकटच असतात. तळव्यांखालच्या पेशी एक असे प्रथिन सोडतात, जे वरच्या रंगपेशींची वाढ आणि त्यांचे काम दडपून ठेवते. जपानी संशोधकांचा सहभाग असलेल्या एका गटाने २००४ साली हे दाखवले. म्हणजे तळपायाला इरले नाही. पण तिथे ऊनही नाही, जाड कातडीमुळे तर मुळीच नाही. मग तिथे मेलॅनोमा का व्हावा?

तळपाय, तळहात आणि नखांखाली होणाऱ्या मेलॅनोमाचा एक स्वतंत्र प्रकार आहे. त्याला ॲक्रल मेलॅनोमा म्हणतात. त्याच्या गाठींत उन्हाची सही फारशी सापडत नाही. गुणसूत्रांचे तुकडे पडणे आणि भलत्याच ठिकाणी त्यांच्या जास्तीच्या प्रती तयार होणे असे बदल तिथे अधिक दिसतात. शरीराचा भार पडतो त्या जागी तो जास्त आढळतो, म्हणून दाब आणि घर्षण यांचा त्यात हात असावा, असा काही संशोधकांचा कयास आहे. त्याची खरी गोम आकड्यांत आहे. अमेरिकेतल्या नोंदींत हा प्रकार गोऱ्यांत आणि काळ्यांत साधारण सारख्याच प्रमाणात आढळतो. गोऱ्यांत उन्हाच्या मेलॅनोमांच्या गर्दीत तो नगण्य ठरतो. काळ्यांत उन्हाचा प्रकार जवळजवळ नसल्यामुळे एकूण मेलॅनोमांपैकी सुमारे एक तृतीयांश वाटा याचाच भरतो. भारतीय रुग्णालयांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींतही पाऊल वारंवार समोर येते. सावळ्या रंगाने आपल्याला उन्हाच्या मेलॅनोमापासून खरोखरच वाचवले आहे. ज्याचा रंगाशी संबंधच नाही, त्यापासून तो वाचवणार कसा?

या प्रकाराचा सर्वांत प्रसिद्ध बळी बॉब मार्ली. जमैकाच्या या गायकाच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली जखम झाली, ती फुटबॉल खेळताना झालेली इजा समजली गेली. १९७७ साली तो मेलॅनोमा असल्याचे निदान झाले. ११ मे १९८१ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. फुटबॉल काय किंवा काटा काय, पायाच्या दुखण्याला कारण नेहमीच हाताशी असते.

उपचारांतही हा फरक पाठ सोडत नाही. बीआरएएफमधला बदल २००२ साली सापडला आणि त्यावर नेम धरणारे पहिले औषध २०११ साली अमेरिकेत मंजूर झाले. रोगप्रतिकारशक्तीला मोकळे सोडणारी औषधेही त्याच सुमारास आली. पूर्वी हाताबाहेर गेलेले अनेक रुग्ण त्यांनी वाचवले. पण ॲक्रल प्रकारात बीआरएएफचा बदल कमी वेळा असतो, आणि रोगप्रतिकाराची औषधेही तिथे तेवढी चालत नाहीत. त्यामुळे लवकर ओळखण्याचे मोल आपल्याकडे उलट जास्त. मेलॅनोमा त्वचेत किती खोल गेला आहे हे मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटरच्या आत असताना तो कापून काढला तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

ओळखायचे काय, तेही सांगते. तळपायावर किंवा तळहातावर नव्याने आलेला आणि पसरत जाणारा काळा-तपकिरी डाग, विशेषतः ज्याची कड वेडीवाकडी आहे किंवा ज्यात दोन-तीन छटा आहेत. कुरूप म्हणून उपचार करूनही न जाणारी गाठ. महिना-दीड महिना न भरणारी जखम, तिच्यात काळा रंग असो वा नसो, कारण कधी कधी या गाठीत रंग नसतोही. नखांवरच्या उभ्या तपकिरी रेघा सावळ्या लोकांत पुष्कळांना असतात आणि अनेक नखांवर असतील तर सहसा निरुपद्रवी असतात. पण मोठ्या वयात एकाच नखावर नवी रेघ आली, ती रुंदावत गेली किंवा काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला, तर तो लगेच दाखवावा. जॉनथन हचिन्सन या इंग्रज शल्यचिकित्सकाने ही शेवटची खूण १८८६ सालीच नोंदवून ठेवली होती. शंका असेल तिथे त्वचारोगतज्ज्ञाकडून तुकडा तपासून घेणे, याला पर्याय नाही.

या अभ्यासात मला एक गोष्ट सारखी टोचत राहिली. सावळ्या रंगाबद्दल आपण दोन टोकांच्या गोष्टी बोलतो. मुलगी पाहायला आलेल्यांसमोर तो उणेपणा असतो, आणि आजाराची गोष्ट निघाली की तोच रंग चिलखत होतो. दोन्ही वेळा एका बारीकशा थरात किती रंगकण आहेत त्यावरून आपण अख्ख्या माणसाचा निकाल देतो. मामा काळे होते. त्यांच्या लग्नाच्या वेळी त्यावरून काय काय बोलले गेले ते मामी अजून सांगतात. आणि त्याच रंगाच्या भरवशावर मी त्यांचा पाय खाली ठेवायला सांगितला.

आता दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आमच्या घरी तेल लावून झाले की सगळ्यांचे तळवे उजेडात धरून पाहायचे, असा रिवाज मामींनीच सुरू केला आहे. मुले गुदगुल्या होतात म्हणून पाय ओढून घेतात. गेल्या वर्षी भाच्याच्या तळपायावर एक तपकिरी ठिपका दिसला. भावाने त्याच्याशेजारी पट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढला, तारीख लिहून ठेवली आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "मला विचारू नकोस. डॉक्टरांना दाखव." त्यांनी भिंगातून पाहून तो साधा तीळ असल्याचे सांगितले. यंदा पुन्हा पट्टी ठेवून पाहिले. तो होता तेवढाच आहे.